साडेनऊची मूठ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या आजारात आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते, त्याच्या अभ्यासात ज्यांचे केस पिकले असे दीडदोनशे डॉक्टर माना उंचावून व्यासपीठाकडे बघत होते. आणि बघत काय होते? तर दुधी रंगाच्या लांब कोटातला एक गृहस्थ आजाऱ्यांच्या हातांत गरम गोटे ठेवत होता.

त्याला सगळे ऊबगुरू म्हणत. संमेलनाच्या अध्यक्षांच्या गुडघ्याला त्याचा गुण आला होता म्हणे, म्हणून पहिल्या दिवसाचा नारळ त्याच्या प्रयोगाने फुटला. रुग्णांना सकाळी सहालाच बोलावलं होतं, अंथरुणातून उठून थेट. प्रत्येकाने रक्तदाबाच्या यंत्राची हवा भरलेली पिशवी मुठीत दाबायची. काटा जेमतेम हलायचा. मग गोटे हातात घेऊन, डोळे मिटून, साडेनऊपर्यंत मुठी उघडायच्या आणि मिटायच्या.

"विज्ञान जिथे दमतं तिथे ऊब कामाला लागते!" ऊबगुरू हात पसरून सांगत होता. "मी पेशींना मारत नाही, समजावतो. पेशी म्हणजे रुसलेली लेकरं! अट एकच. गोळ्या बंद. गोळी आणि ऊब एका घरात नांदत नाहीत."

लेकरांचा रुसवा निघाला. पुन्हा पिशवी दाबली तर काटा दुपटीच्या वर चढला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती ती पहिल्या रांगेतली सांध्यांची डॉक्टरीण. तिचे डोळे भरून आले होते, कारण काटा चढवणाऱ्यांत तिची थोरली बहीण होती. आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं, शिकवलं. ताईच्या बोटांपायीच तिने ही विद्या धरली होती. ताईच्या मुठीने काटा असा चढताना मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती.

चहाच्या वेळी ताई कपाचा कान बोटांत धरून मिरवत होती. "बघ! आणि या आठवड्याची गोळी मी कचऱ्यात टाकली. आता नाही घ्यायची."

डॉक्टरीण चरकली. गोळी थांबली की हा आजार गुपचूप हाडं कुरतडतो, आणि एकदा वाकडं झालेलं बोट पुन्हा सरळ होत नाही.

"ताई, एरवी असा कप धरता येत नाही तुला?"

"येतो की. या वेळेला येतो. उठल्या उठल्या नाही येत."

"मग आज वेगळं काय झालं?"

"आज कुणीतरी मोजलं."

डॉक्टरणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ कानशिलं तापली. हा आजार सांध्यांना सकाळी आखडून टाकतो आणि हालचाल करता करता ते आपोआप सैल होतात, हे तर पुस्तकाच्या पहिल्या धड्यात असतं. 'सकाळी किती वेळ आखडतं?' हा प्रश्न इथला प्रत्येक जण रोज विचारतो, उत्तर लिहितो आणि पुढच्याला बोलावतो. पण रुग्ण दवाखान्यात येतात ते सगळं आवरून, उन्हं वर आल्यावर, सैल झालेल्या हातांनी. सहाची मूठ या विद्वानांपैकी कुणी पाहिलीच नव्हती. ऊबगुरूने ती दाखवली, मग साडेनऊची दाखवली, आणि मधल्या वेळाने केलेलं काम आपल्या नावावर खपवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण निबंध वाचणार होती, तो सकाळच्या आखडण्यावरच! धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती ताईच्या खोलीच्या दारात उभी राहिली. एकाच घरात राहून ती या वेळी इथे कधी आली नव्हती. ती उठायची ती थेट रुग्णालय गाठायची. ताई पलंगाच्या कडेला बसली होती. ब्रश दोन्ही तळव्यांत दाबून धरला होता आणि हात हलत नव्हते म्हणून डोकं हलवून दात घासत होती.

"तू कशाला आलीस? जा, आवर तुझं," ताई ओशाळून म्हणाली. धाकटीला लाज वाटली.

तिने सोबत आणलेली रक्तदाबाच्या यंत्राची पिशवी ताईच्या हातात दिली. काटा हलला न हलला. मग गोटे नाहीत, गुरू नाही, ताईची रोजची कामं तेवढी झाली. साडेनऊला काटा कालच्याच जागी गेला. तिच्या सांगण्यावरून रुग्णालयातल्या परिचारिकेनेही त्याच सकाळी, ऊबगुरूचं नाव न ऐकलेल्या, तिथे दाखल असलेल्या रुग्णांच्या मुठी दोन्ही वेळा मोजल्या होत्या. तिथेही तेच.

व्यासपीठावर तिने निबंध बाजूला ठेवला आणि हे सगळं सांगितलं.

"माझी ऊब भिंती ओलांडते, बाई!" ऊबगुरू खुर्चीतून गरजला.

"उत्तम. मग आज रात्रभर ओलांडू दे. उद्या सहाला, अंथरुणातच मोजू."

ऊबगुरूने कोट सारखा केला. "रात्री... रात्री ऊब विश्रांती घेते."

सभागृह खो खो हसलं. डॉक्टरीण हसली नाही.

"हसताय कुणाला? काल टाळ्या आपणच वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात." ती रुग्णांकडे वळली. "कुणी चमत्कार दाखवला तर तो त्याच्याशिवाय होतो का, हे आधी बघा. त्याला नको असेल त्या वेळी मोजून बघा. आणि गोळी बंद करायला सांगणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका."

ताई रुग्णांच्या रांगेतून उठली. "गोळी मी घेईन. तो लबाडच आहे. पण सकाळी सहाला माझ्या हाताकडे बघणारा तो पहिलाच माणूस होता." ती डॉक्टरांच्या रांगांकडे बघत होती. "मला त्याच्याकडे का जावं लागलं, तेही लिही तुझ्या निबंधात."

डॉक्टरीण मान खाली घालून हो म्हणाली.