मोडीतली केमिस्ट्री

बकुळाला फार्मसीला जायचं होतं, आणि तेही याच वर्षी. नाही जमलं तर जुलैत मुकाट्यानं बी.ए.ला नाव घालायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. झाशीत प्रवेश परीक्षेचे क्लास पैशाला पासरी, पण घरात नीलकंठकाका असताना क्लास कशाला? हे वडिलांचे थोरले बंधू. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त, वय सदुसष्ट, शिक्षण इंटर सायन्स. काकांचं म्हणणं असं की, औषधवाल्याचं खरं काम एकच, डॉक्टरचं अक्षर लावणं. ज्याला मोडी येते त्याला जगातलं कुठलंही अक्षर लागतं. दोनशे वर्षं आपल्या घराण्यानं मोडी कागद वाचण्यापलीकडे दुसरं केलंय काय?

झालं. गरौठ्यापासून टहरौलीपर्यंतच्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या गोळा झाल्या आणि बकुळा रोज सकाळी दोन तास मोडी गिरवायला बसली. परीक्षेत मोडी विचारत नाहीत, हे तिनं चारदा सांगून पाहिलं. काका ऐकतील तर शपथ. मग पोरीनं डोकं लढवलं. गिरवायला मजकूर लागतोच ना, म्हणून तिनं केमिस्ट्रीचं पुस्तकच मोडीत उतरवायला घेतलं. आम्लं, क्षार, बेंझीन, मागाहून बायॉलॉजीतलं बेडकाचं हृदयसुद्धा. काका लाल पेन्सिलीनं अक्षर तपासायचे. फेब्रुवारीत म्हणाले, वळण सुधारतंय. एप्रिलमध्ये म्हणाले, वळण ठीक आहे, पण या समीकरणात उजवीकडे ऑक्सिजन एक कमी पडतोय. खरंच पडत होता.

बयेनं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

फॉर्म आणायला काका गेले आणि दोन घेऊन आले. केंद्रात उमेदवाराशिवाय कुणाला सोडत नाहीत, आणि आपल्या घरातली मुलगी तीन तास एकटी बसणार म्हणजे काय, सोबत नको? फॉर्मवर किमान वय सतरा लिहिलं होतं. कमाल वय लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. परीक्षेला काका कोट-टोपी घालून रांगेत उभे. शिपायानं विचारलं, बाबूजी, आप किसके साथ हैं? काकांनी प्रवेशपत्र पुढे केलं. आत बसून वेळ जाईना, म्हणून त्यांनी पेपरही सोडवला.

निकाल लागला. काका चाळिसावे, बकुळा एक्केचाळिसावी, आणि गावातल्या कॉलेजात जागा चाळीस. बाहेरगावी पाठवायचा तर प्रश्नच नव्हता. आईनं दोघांना शेजारी बसवून दृष्ट काढली. बकुळा इतकी चिडली की दोन दिवस काकांशी बोलली नाही. प्रवेशाच्या आदल्या दिवशी काकांनी केस कापून घेतले आणि बुटांना पॉलिश केलं. ते पाहून ती तडक आईकडे गेली. आई म्हणाली, त्यांना पुढे शिकायचं होतं गं, पण मामंजींनी इंटर होताच पार्सल ऑफिसात चिकटवलं. हे ऐकल्यावर बकुळाला धड रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये एकोणचाळीस जागा भरल्या. प्रवेशाच्या टेबलावरच्या बाबूनं पुकारलं, नीलकंठ जी. काका तिच्या शेजारीच होते, मार्कशीटची सुरळी दोन्ही हातांनी धरून. बाबूनं पुन्हा पुकारलं. काका किंचित उठले आणि परत बसले. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा बकुळालाच राहवेना.

"काका, तुमचं नाव घेतायत."

"गप बस," काका म्हणाले.

बाबूनं गैरहजर अशी खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. बकुळा उठली आणि कागद सावरत टेबलाकडे गेली.

परतताना टेम्पो लक्ष्मी ताल या तळ्यापाशी आला. तेव्हा काका म्हणाले, "कॉलेजात शिकवतील ते सगळं रोज मोडीत उतरवून मला दाखवायचं. तुझं अक्षर अजून कच्चं आहे."

बकुळानं मान डोलावली. पुढच्या चौकात तिनं टेम्पो थांबवला, आणि उतरून डझनभर वह्या आणि एक लाल पेन्सिल घेऊन आली.