मधलं वर्तुळ

लायलने गाडीतल्या यंत्राची नळी ओठांपर्यंत नेली आणि न फुंकताच खाली ठेवली.

"काय झालं?" शेजारी बसून हातमोजे चढवत त्याच्या बायकोने, आर्डिसने विचारलं.

"वाइन होती."

"कशात?"

"प्यालीत. मी मधल्या वर्तुळातलीच घेतली, नेहमीसारखी. पण त्यात रस नव्हता."

आर्डिसचा हात मोज्यात अर्धाच राहिला. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या तबकात काचेच्या इवल्या प्याल्या गोलाकार मांडलेल्या असत. बाहेरच्या वर्तुळांत वाइन आणि मधल्या छोट्या वर्तुळात द्राक्षरस. दोन्ही सारख्याच गडद. मधलं वर्तुळ औषधं चालू असलेल्यांसाठी, आणि गेले चौदा महिने लायलसाठी.

चौदा महिन्यांपूर्वी तो दुसऱ्यांदा पिऊन गाडी चालवताना सापडला होता. तुरुंगातले दिवस संपले, दंड भरून झाला. गाडीवर डब्ल्यूने सुरू होणारी, पिऊन गाडी चालवणाऱ्यांची नंबरपाटी आली. ती पाहिली की अख्ख्या मिनेसोटात कुणाला काही विचारावं लागत नाही. आणि हे यंत्र आलं. त्यात फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे, आणि फुंकणाऱ्याचा फोटो निघे. यंत्र उतरायला अकरा दिवस राहिले होते. त्यानंतर दुधाच्या टँकरवरची नोकरी परत मिळणार होती. आज लाल दिवा लागला, तर आणखी सहा महिने.

"मी फुंकलं असतं," आर्डिस म्हणाली, "पण मीही वाइनच घेतलीय."

"आणि फोटोत तू दिसली असतीस. पंधरा मिनिटं थांबू. चूळ भरली की तोंडातला वास जातो."

"या थंडीत? मी पाणी आणते."

"आणि व्हर्नाकाकूंच्या कानावर घाल. तबक उलटं भरलंय त्यांनी. डोळ्यांनी दिसत नाही, तर कशाला करायचं?"

व्हर्ना टॉलफसन चाळीस वर्षं वेदीची कामं करत होत्या. मागच्या महिन्यात त्यांनी वेदीवर कापड उलटं अंथरलं, तेव्हापासून पास्टर त्यांच्या जागी कुणी तरुण बाई शोधत होते. व्हर्नाकाकूंचं काम जायला आणखी एक चूक पुरली असती.

आर्डिस चर्चच्या तळघरात उतरली. एकीकडे कॉफी आणि गप्पा चालू होत्या. मागच्या मोरीपाशी व्हर्नाकाकू बाह्या सावरून प्याल्या विसळत होत्या.

"ये गं. आज मधल्या प्याल्यांना कुणी हातच लावला नाही बघ," त्या म्हणाल्या. "लायल वेदीपाशी आला नव्हता का?"

तबकात मधल्या सहाही प्याल्या काठोकाठ भरलेल्या होत्या. आर्डिसने एक उचलून ओठाला लावली. गोड होती.

"आला होता," ती म्हणाली.

"मग राहिलं असेल. माझं काही चुकलं नाही ना गं? हल्ली सगळे माझ्याकडे असं बघतात."

"नाही. सगळं बरोबर मांडलंय तुम्ही."

कागदी पेल्यात पाणी घेऊन ती बाहेर आली. वाहनतळ रिकामा होत चालला होता. चर्चमधलाच ड्वेन आपल्या ट्रकमधून वाकून लायलशी बोलत होता.

"काय रे, प्रवचन कमी पडलं वाटतं? का गाडीने तुला ओळखच दाखवली नाही?"

"तुझं थोबाड बघून गारठलीय ती. जा घरी."

ड्वेन हसत निघून गेला. लायलने दार उघडून चूळ भरली आणि बर्फावर टाकली.

"बोललीस त्यांच्याशी?"

"नीट चूळ भर."

ती शेजारी येऊन बसली. श्वासांनी काचा आतून पांढऱ्या होत गेल्या. लायल घड्याळाकडे पाहत होता, आर्डिस त्याच्या हातांकडे. एकदा त्याने विचारलं, "काय म्हणाल्या?" ती म्हणाली, "पाय गारठलेत माझे." त्याने मागच्या सीटवरची घोंगडी ओढून तिच्या गुडघ्यांवर घातली. कडा नीट खोचल्या. मान मात्र वर केली नाही.

पंधरा मिनिटं झाली. तरी आणखी पाच थांबून त्याने फुंकलं. हिरवा दिवा लागला, इंजिन घरघरलं, पायांशी ऊब येऊ लागली.

त्याने गियर टाकला नाही. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"मी खाली जाऊन येतो," तो म्हणाला. "व्हर्नाकाकूंना सांगायला हवं. चूक त्यांची नव्हती."

आर्डिसने हातमोज्याने समोरची काच थोडी पुसली. तळघराच्या खिडकीत अजून दिवा होता.

"त्यांना मी काही बोललेच नाहीये," ती म्हणाली.

लायलने त्या खिडकीकडे पाहिलं. मग त्याने नळी पुन्हा उचलली आणि या वेळी कॅमेऱ्याकडे सरळ बघत फुंकलं.