रिकाम्या बाह्या

तावियाने आरोळी दिली आणि पंचवीस-तीस माणसं एकदम दोराला भिडली. वाळूत टाचा रुतल्या. ओक्पोती सगळ्यात पुढे, गुडघाभर पाण्यात होता. जाळं जड येत होतं. जड जाळ्याचं गाणं वेगळं असतं. ते आपसूक त्याच्या ओठांवर आलं, मागच्यांनी उचललं. अक्रा शहराच्या त्या किनाऱ्यावर कित्येक महिन्यांत ते गाणं कुणी म्हटलं नव्हतं.

वाळवंटाकडून येणाऱ्या धुळीने सकाळ दुधट झाली होती. आभाळ कुठे संपतं नि समुद्र कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. त्या धुरकटातून जाळं वर आलं तेव्हा ओक्पोतीला आधी वाटलं, माणसं येताहेत. एक निळी बाही उठली, पाण्यात हलकेच हलली, बुडाली. तिच्यामागून दुसरी. विजारींचे पाय एकमेकांत गुंतलेले, झगे फुगलेले. कुठल्या तरी परक्या गावची वरात पाण्याखालून चालत आली होती आणि वाटेत आपली अंगं विसरली होती.

गाणं थांबलं.

"बोला, लग्नाचा कोट कुणाला हवाय?" ताविया म्हणाला. कुणी हसलं नाही.

कपड्यांचा पीळ सुटेना. शेवटी ओक्पोतीने सुरी काढली आणि स्वतःच विणलेलं जाळं हातभर कापलं. आत मूठभर मासळी चमकत होती.

"तुझ्या लेकीला सांग, म्हातारबा," ताविया दोर गुंडाळत म्हणाला, "दुकान इथेच मांड म्हणावं. माल आम्ही बाहेर काढून देतो."

 ओक्पोती सुरी वाळूत पुसत राहिला.

मंगळवारी समुद्राचा विसावा असतो, कुणी जाळं टाकत नाही. त्या मंगळवारी तो लेकीला, देदेईला, चार शब्द सुनवायचे ठरवून बाजारात गेला. बारा वर्षं ती तिथे परदेशातले जुने कपडे विकत होती. त्यावरच तिच्या मुलींची शाळा चालली होती, गेल्या साली ओक्पोतीच्या छातीचं औषधही. तो मात्र तिथे कधी फिरकला नव्हता.

देदेई नुकताच गठ्ठा फोडत होती. पट्टी तुटली तशी आतली कोंदट वाफ दोघांच्या तोंडावर आली. ती खोकली, तोंडावर फडकं धरून पुन्हा खोकली, आणि मग तिला बाप दिसला.

"बाबा, तू? आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग असा उभा का? बस. हात लाव जरा."

तो बसला. देदेई एकेक कपडा उचलून हुंगत होती, उजेडाकडे धरत होती, डावीकडे-उजवीकडे टाकत होती. तिची आईही किनाऱ्यावर मासळी अशीच निवडते, हे ओक्पोतीच्या लक्षात आलं, आणि त्याचेही हात चालू लागले. घामाने पिवळ्या पडलेल्या काखा. उसवलेले खिसे. एका झग्याला दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

"हा कुणी घातलेलाच नाही," तो म्हणाला.

"नाहीच."

"मग टाकला कशाला?"

"आता ते मी त्यांना कुठे विचारायला जाऊ, बाबा?"

दुपारपर्यंत तीन ढीग झाले. सगळ्यात मोठा ढीग कुणालाच विकता न येणाऱ्या कपड्यांचा. देदेईने त्याच्याकडे पाहिलं, डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला.

"हा गठ्ठा बुडाला," ती एवढंच म्हणाली.

घोकत आणलेले चार शब्द ओक्पोतीला आठवेनात. तिने केंकीचा, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा मोडून मोठा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. दोघं जेवली.

मग बाजारातला कचरा नेणारा याकुबू हातगाडी घेऊन आला. टाकाऊ ढीग त्याने एका गोणीत दाबून भरला आणि गोणी गाडीवर चढवली.

"कुठे नेतोस हे?" ओक्पोतीने विचारलं.

"कचऱ्याच्या डोंगरावर. तिथे नाही घेतलं तर नाल्यात." याकुबूने घाम पुसला. "समुद्र सगळं घेतो, बाबा."

देदेई मान खाली घालून एका फाटक्या सदऱ्याची घडी घालत होती. ती मोडून तिने पुन्हा घातली. वर काही पाहिलं नाही.

ओक्पोती उठला. गाडीवरची गोणी त्याने ओढली, गुडघ्यावर घेतली, डोक्यावर चढवली.

"बाबा, अरे, कुठे निघालास?"

"येतो," तो म्हणाला.

रस्ताभर धुळीतून माणसं पुढ्यात उमटत होती, विरत होती. काय विकतोस, म्हणून दोघी-तिघींनी विचारलंही. खाडीच्या पुलावर काळ्या पाण्यात रंगीत चिंध्या अलगद तरंगत चालल्या होत्या. तिथे तो थांबला. मान अवघडली होती. कठड्याला टेकला, गोणी तशीच डोक्यावर ठेवून, आणि श्वास खाली बसल्यावर पुन्हा चालू लागला.

घराच्या अंगणात कोर्कोई मातीच्या भट्टीवर मासळीला धुरी देत होती. तिने नवऱ्याला पाहिलं, गोणी पाहिली, गोणीच्या तोंडातून बाहेर आलेल्या एका बाहीला बोट लावून पाहिलं. मग हात पुसून गोणी उतरवायला पुढे झाली. दोघांनी मिळून ती डोक्यावरून उचलली.

"कुठे ठेवायची?" तिने विचारलं.

ओक्पोतीने अंगणभर नजर फिरवली. भट्टीकडे, दाराकडे, पलीकडे समुद्राकडे. आणि गोणी मधोमध धरून ती दोघं तशीच उभी राहिली.