भीमण्णाचा सत्कार

करजगीच्या सायकल मंडळाचा सत्कार ठरला तेव्हा नरहरराव गुरुजी इतके दमलेले होते की, शालीपेक्षा कुणी अंथरूण घालून दिलं असतं तर त्यांना जास्त बरं वाटलं असतं. नऊ वर्षं मंडळाचं चिटणीसपद त्यांच्या गळ्यात होतं. वर्गणीतून घेतलेल्या चार सायकली, त्यांची रोजची पंक्चरं, आणि वस्त्यांवरच्या क्षयरोग्यांना औषध पोचवणारी गावातली पोरंपोरी. पगार कुणालाच नाही. शाळेनं गुरुजींना वेळेवर निवृत्त केलं, पण मंडळातून सोडवायला कुणी पुढे येईना.

सत्काराकडे खरे डोळे लावून बसली होती ती भीमण्णाची पोरगी निलम्मा. आरोग्यसेविकेच्या शिक्षणासाठी सोमवारी गुलबर्ग्याला तिची मुलाखत होती. गावात सेवा केल्याचा दाखला असेल तिला आधी घेणार होते, आणि वयाच्या अटीमुळे तिला अर्ज करायचं हे शेवटचं वर्ष होतं.

सत्काराची यादी करायच्या आठवड्यात गुरुजींना नेमका ताप भरला. म्हणून ती चेअरमन जगदेवप्पांनी केली. त्यांनी मंडळाची सायकली नेल्या-आणल्याची वही उघडली, कुणाच्या नावावर किती फेऱ्या ते मोजलं आणि कागद गुलबर्ग्याच्या छापखान्यात धाडला. जगदेवप्पांचं काम इतकं चोख की मध्ये विचाराला जागाच राहत नाही.

चावडीपुढे मांडव पडला, तालुक्याचे साहेब आले. पंक्चर काढणाऱ्या बाबूलालला शाल मिळाली. तो लाजून मांडवाच्या मागे जाऊन उभा राहिला. मग जगदेवप्पांनी माईकवर वाचलं, "सगळ्यात जास्त फेऱ्या, सातशे बारा. मानाचं प्रशस्तिपत्र, भीमण्णा."

मांडवात हशा पिकला. भीमण्णाला सायकल येत नाही हे करजगीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फेऱ्या निलम्माच्या होत्या.

वहीत कुणाचं नाव लावायचं हा नियम गुरुजींचाच होता. सात वर्षांपूर्वी निलम्मा पहिल्यांदा औषधाची पिशवी घेऊन निघाली तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली. लोकांची तोंडं बंद करायला गुरुजींनी ठरवून टाकलं की, पोरींनी सायकल न्यायची ती घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी भीमण्णा शेताकडे जाता जाता वहीत अंगठा उठवायचा आणि पोरगी सायकल काढायची. कुजबुज थांबली. गुरुजींना तेव्हा आपल्या अकलेचं फार कौतुक वाटलं होतं.

दोघांनी भीमण्णाला धरून वर चढवलं. "या वयात एवढी सायकल," म्हणत साहेबांनी त्याला शाल घातली. तो मान खाली घालून उभा राहिला. गुरुजी उठले, माईक घेतला आणि खरं काय ते सांगून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी मान डोलावली. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं, ते जीपमध्ये बसून गेले. छापलेलं प्रशस्तिपत्र भीमण्णाच्याच नावाचं राहिलं.

मांडव रिकामा झाल्यावर निलम्मा गुरुजींजवळ आली.

"मी हातानं दाखला लिहून देतो," गुरुजी म्हणाले. "मंडळाचा शिक्का मारतो."

"मूळ वही घेऊन या म्हणून गुलबर्ग्याहून कळवलंय गुरुजी. वहीत एका पानावर तरी माझं नाव हाय का?"

गुरुजींनी वही मांडीवर घेतली. पानामागून पान भीमण्णाचा अंगठा. त्यांना स्वतःचा इतका राग आला की वही मिटून ठेवावीशी वाटली.

"चुकलं माझं, पोरी."

"तुमी कामून वाईट वाटून घ्यायलात? तवा माझं नाव लावलं असतं तर मला घराभाईर सोडलंच नसतं."

ते खरंच होतं. पण खऱ्यानं काही सुटत नव्हतं.

तेवढ्यात भीमण्णा शालीची घडी करत आला. "गुरुजी, सोमवारी मी बी येतो गुलबर्ग्याला. एक सायकल बसच्या टपावर टाकू."

"सायकल कशाला?"

"मुलाखतीच्या साहेबाम्होरं सायकलवर बसून दावतो की. मला येत न्हाई हे त्यानं डोळ्यानं बघितलं, म्हंजी पोरीच्या फेऱ्या पोरीच्या होतील."

"अहो, पडाल तुम्ही. वय काय तुमचं?"

"व्हय. पडायलाच तर पायजे गुरुजी."

तो थट्टा करत नव्हता. निलम्मा बापाच्या दुखऱ्या गुडघ्यांकडे बघत राहिली, आणि मग तोंडाला पदर लावून रडायला लागली.