काडातून निघालेलं लाल डिझेल

चर्चच्या अंगणात अख्खं फॉसम लोटलं होतं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या या गावात एवढी गर्दी एरवी फक्त अंत्यविधीनंतरच्या जेवणाला होते. मधोमध फ्रिजएवढं लोखंडी यंत्र चार जाडजूड पायांवर उभं होतं. लायल प्रुइट नावाचा पाहुणा वरून त्यात गव्हाचं काड कोंबत होता, हँडल फिरवत होता, आणि खालच्या नळीतून बरणीत डिझेल पडत होतं. लाल, चकचकीत.

"वीज नाही, विस्तव नाही," लायल डोळे मिटून सांगत होता. "आधी वरच्याला हाक मारायची, मगच हँडलला हात."

डिझेल देवाच्या कृपेने मिळणार होतं. देवाचं बँकेत खातं नसल्यामुळे यंत्राच्या धंद्यातल्या हिश्शाची रक्कम तेवढी लायलच्या खात्यात भरायची होती.

फॉसमची माणसं मूळची नॉर्वेची. पैशाबद्दल प्रश्न विचारणं इथे असभ्य समजतात; त्यापेक्षा पैसे देऊन टाकणं सोपं जातं. सत्तरीतल्या सोल्वेग ब्रेक्केने तर नवरा आर्ने गेल्यावर मागे उरलेलं राहतं घर गहाण टाकून हिस्सा घेतला होता.

प्रश्न विचारला तो शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कार्ला नेसने. ती सगळ्यांना जेवण वाढत होती, पळी हातातच होती.

"मिस्टर प्रुइट, हे लाल का?"

"काडाचा अर्क आहे बाई. रक्तासारखा."

"काड पिवळं असतं. ट्रॅक्टरच्या डिझेलवर रस्त्याचा कर नाही, म्हणून ते कुणी साध्या गाडीत घालू नये यासाठी त्यात लाल रंग मिसळतात. तुमचं यंत्र डिझेल तर करतंच, वर सरकारी रंगही स्वतःच घालतं?"

हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण आपल्या टाकीत जन्मभर लालच डिझेल पाहिलेल्या मंडळींना ते लाल दिसल्यावर उलट खात्रीच पटली होती, की माल अस्सल आहे. लायलने मात्र ते स्वस्त पडतं म्हणून भरलं होतं.

कार्लाने पळीने यंत्राचे पाय ठोकले. तीन खणखणीत वाजले, चौथा बद्द. त्याचं बूच काढलं तर डिझेल तिच्या बुटांवर सांडलं. यंत्राची पेटी उघडली तर कोंबलेलं काड जसंच्या तसं. हँडलला जोडलेला पंप पायातलं डिझेल उपसून नळीत सोडत होता, बस्स.

लायल तुरुंगात गेला. सगळ्यांचे पैसे परत करण्याचा हुकूम न्यायालयाने केला, पण ते त्याने केव्हाच उडवले होते. अशा वेळेसाठी आमच्या राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा केलेला आहे. गुंतवणुकीत गंडवणाऱ्यांकडून वसूल केलेल्या दंडाचा निधी असतो, आणि ज्यांना लबाडाकडून काही मिळत नाही त्यांना त्यातून नुकसानीचा काही भाग मिळतो. त्यासाठी आपल्याला फसवलं गेलं असा अर्ज मात्र करावा लागतो.

फॉसममधून एकही अर्ज गेला नाही. कुणी म्हणे यंत्र खरंच होतं, तेल कंपन्यांनी बिघडवलं. कुणी म्हणे ते कार्लाच्या पळीने दुखावलं. चौथ्या पायाचा विषय निघाला की सगळे गव्हाच्या भावावर बोलत.

सोल्वेगला बँकेने बर्फ वितळेपर्यंत मुदत दिली होती. निधीच्या पैशात थकलेले हप्ते भागून घर वाचलं असतं. कार्ला तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. सोल्वेगने कॉफी ओतली, लेफ्सेवर, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीवर, साखर भुरभुरली आणि बराच वेळ थंडीबद्दल बोलली. मग म्हणाली, "आर्ने असता तर म्हणाला असता, म्हातारे, तुला अक्कल नाही. आता हे मी सरकारला लिहून देऊ?"

"कायदा विचारतो कुणी फसवलं, आजी. तुम्ही का फसलात, ते विचारतच नाही."

"गाव विचारेल ना, पोरी."

"गाव तुमचा हप्ता भरणार आहे का?"

सोल्वेग कोरडा कप पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

पुढच्या रविवारी, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला ती उभी राहिली. इथे माणसं फक्त गाण्यासाठी उभी राहतात, म्हणून काहींनी भजनाची पुस्तकं उघडली.

"मला लायल प्रुइटने फसवलं," ती म्हणाली. "मी अर्ज करतेय. ज्यांचं यंत्र अजून खरं आहे, त्यांनी ट्रॅक्टरमध्ये काड भरून पेरणीला निघावं. मी खिडकीत बसून बघेन."

कुणी हसलं नाही. पण त्या आठवड्यात अनेकजणांनी कार्लाला हळू आवाजात, एका ओळखीच्या माणसासाठी म्हणून, अर्ज कुठे पाठवायचा ते विचारलं. या ओळखीच्या माणसाला सगळे ओळखत होते.

सोल्वेगचं घर राहिलं. बुडालेलं सगळं परत आलं नाही, तसं ते येत नसतं. असा कायदा प्रत्येक राज्यात असावा, पण तो नुकसान झाल्यावरच कामाला येतो. त्याआधी आपली बुद्धीच वापरावी लागते. फसवणं हा गुन्हा आहे, फसणं नाही. लाजेने गप्प बसलेल्या गावात पुढचा लबाड निर्धास्त शिरतो. तेव्हा फसलात तर चारचौघांत सांगा. आणि पैसे देण्याआधी, वाईट दिसलं तरी चालेल, विचारा.