टेकडीवरचा व्हॉल्व्ह

जावयाला माझ्याच पाणीपुरवठा खात्यात चिकटवलं ही माझी चूक, असं मी बायकोला रोज ऐकवायचो. माणूस कमी बोलतो, गोड बोलतो आणि बोलताना नजर चुकवतो. असली माणसं मला पहिल्यापासून खटकतात. त्याची नोकरी पक्की व्हायला पंधरा दिवस उरले होते आणि साहेबांनी शेरा माझ्याकडेच मागितला होता.

त्या सकाळी गळती काढायची म्हणून मोठी पाइपलाइन रिकामी करायला घेतली. मी खाली, पाणी सोडायच्या चाकावर. जावई वर टेकडीवर, एअर व्हॉल्व्हपाशी. खालून जेवढं पाणी जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. नाहीतर पाइप आतल्या आत ओढला जातो आणि रिकाम्या डब्यासारखा चेपतो.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "मामा, इथलं चाक पूर्ण उघडलं. पण ते वरचं..."

"उघडलं ना जावईबापू? बास. पुढचं पुराण नको." मी फोन ठेवून दिला.

पाणी धो धो वाहिलं, मग बारीक झालं आणि थांबलं. एवढ्यात संपणं शक्यच नव्हतं. चढावर पाइपालाच असलेला छोटा नळ उघडून मी त्याच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरला. कागद चटकन चिकटून बसला. म्हणजे आत ओढ होती, वरून हवा येतच नव्हती. नळ तसाच उघडा ठेवला, पण एवढ्या पाइपाला बोटभर भोक कितीसं पुरणार? तेवढ्यात पत्र्याचा टण्ण असा आवाज आला.

माझं डोकंच फिरलं. धडधडीत खोटं बोलला होता! धावत जाऊन खालचं चाक बंद केलं आणि साहेबांना फोन लावला. व्हॉल्व्ह न उघडताच उघडला म्हणाला, आधीही मला संशय होताच, असला माणूस ठेवू नका. पाचेक मिनिटं बोलत होतो. खरं सांगतो, बोलून बरं वाटलं.

मग धापा टाकत टेकडी चढलो.

जावई चेंबरमध्ये गुडघे टेकून बसला होता. चाक पूर्ण उघडं होतं. व्हॉल्व्हच्या तोंडावर मात्र जाड प्लास्टिक होतं, आत ओढलं जाऊन ताणलेलं. त्यावर तांब्याच्या तारेचे तीन वेढे आणि पीळ आत दुमडलेला. पीळ आत दुमडायची सवय आख्ख्या खात्यात मला एकट्याला. मागच्या वर्षी आत कचरा जातो म्हणून मीच ते बांधलं होतं आणि साफ विसरलो होतो. तार उकलताना त्याची बोटं कापली होती.

"तुम्हाला किती फोन केले, मामा. सारखा बिझी येत होता."

मी पक्कड काढून तार तोडली. हवा अशी काही आत घुसली की आम्ही दोघंही मागे सरलो.

"साहेबांना यातलं काही कळायला नको," तो हळूच म्हणाला. "चाक मीच उशिरा उघडलं म्हणून सांगतो. तुमची नोकरीची दोनच वर्षं राहिलीत."

खिशातला फोन वाजू लागला. साहेबच होते. गप्प बसायचा मोह झाला, हेही लपवत नाही. मला स्वतःची मनापासून लाज वाटली. त्याच्या बोटांकडे बघत मी फोन उचलला.

"साहेब, मघाशी मी चुकीचं बोललो. चूक माझी आहे. शेरा लिहायचाच असेल, तर माझ्यावर लिहा."