कढईतली वाळू

भिंगरी नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती, आणि धरायला तिला सापडला तो नेमका आबांचा स्पीकरचा स्टँड! स्टँड कलंडला. आजीनं झडप घालून नातीला उचललं म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं, विचारच नको.

"रविवारी पोर पुन्हा येतेय. तोवर ही धुडं पक्की करा, नाहीतर दोन्ही माळ्यावर जातील," आजीनं सुनावलं.

आबांनी कलंडलेला स्टँड सरळ करून स्पीकरवरून हात फिरवला. जन्मभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर दोन वर्षं खपून हे स्पीकर त्यांनी स्वतः बनवले होते.

आता स्टँडच्या पोकळ लोखंडी नळ्यांत काहीतरी जड भरणं आलं. शिसं उत्तम, पण रांगत्या पोराच्या घरात शिशाचं नावही नको. खडी भरली, तर गाणं लावताच आत खडखड सुरू. शेवटी शेजारच्या बांधकामावरून वाळू मागून आणली आणि नळ्या गच्च भरल्या. आबा खूश! दुसऱ्याच दिवशी फरशीवर तांबडं पाणी पाझरलं. वाळू ओली होती. जन्मभर 'रेडिओला ओल लागू देऊ नका' म्हणून लोकांना दटावणारा हा माणूस, त्याच्याच हे ध्यानात आलं नाही. आबांना स्वतःचीच लाज वाटली.

"जाऊ दे. ठेव माळ्यावर," ते हिरमुसून म्हणाले.

आजीनं फरशी पुसली, वाळू चिमटीत चोळून पाहिली. "एवढ्यात हात टेकलेत? शेंगदाण्यांसारखी भाजायची. आणा इकडे."

तिनं सगळ्यांत मोठी कढई चढवली. दुपारभर दोघं आळीपाळीनं वाळू परतत होती. "मीठ घालू का हो?" आजीनं विचारलं, आणि आबा कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. उन्हात वाळवलेल्या नळ्यांत त्यांनी गार झालेली वाळू थोडी थोडी ओतली, ठोकून बसवली, झाकणं आवळली. वर स्पीकर स्क्रूनं घट्ट केले. टिचकी मारली. आधी टण्ण वाजणारी नळी आता नुसती ठक् म्हणाली.

आजीनं बाह्या सरसावून दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. स्टँड ढिम्म.

"रविवारी बघू," ती म्हणाली.

रविवारी आबांनी हळू आवाजात गाणं लावलं होतं. भिंगरी रांगत थेट स्टँडकडेच निघाली. लेक घाबरून धावली.

"थांब, नको उचलू तिला!" आजी म्हणाली.

भिंगरीनं नळीला मिठी मारली, लटपटत उभी राहिली आणि मान वर करून गाणं ऐकू लागली. आबांचे डोळे भरून आले.

"अहो, बघत काय बसलात?" आजी म्हणाली. "आवाज वाढवा की जरा!"